भांगेचा वाण स्थिर का राहत नाही?

प्रश्न : मी कृषी पदवीचा विद्यार्थी आहे. गव्हाचे घरचे बियाणे वर्षानुवर्षे पेरले तरी वाण फारसा बदलत नाही; मग धाग्यासाठी घेतल्या जाणाऱ्या भांगेचे गुण स्थिर ठेवणे इतके अवघड का मानले जाते?

उत्तर : गव्हात स्वपरागीभवन होते, म्हणजे फुलाचे फलन त्याच झाडाच्या परागाने होते; भांगेत मात्र नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात व पराग वाऱ्यावर दूर जातो, त्यामुळे प्रत्येक बी दोन निराळ्या झाडांचे असते. सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या केल्यास एकसारखेपणा येतो खरा, पण झाडांचा जोम घटतो आणि बीही कमी धरते. म्हणून पैदासकार शुद्ध वंशाचा हट्ट सहसा धरत नाहीत. निवडक झाडांचा समूह राखतात.

खरी अडचण नराची आहे. मादीचा धागा कापणीनंतर मोजून तिचे बी ठेवता येते. नराचा धागा मोजून होईपर्यंत त्याचा पराग शेतभर पसरलेला असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत संशोधक ब्रेडेमान यांनी यावर काढलेला उपाय मला आजही फार चतुर वाटतो. फुलोऱ्यापूर्वी नराचे खोड उभे चिरून एका अर्ध्यातील धागा मोजायचा, उरलेल्या अर्ध्यावर झाड जगवायचे आणि कमी धाग्याचे नर फुलण्याआधीच उपटायचे. या निवडीने काही दशकांत धाग्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले.

एकाच झाडावर दोन्ही फुले असलेले वाण जास्त एकसारखे असतात, पण त्यांत निघणारे निव्वळ नर दर पिढीला काढले नाहीत तर थोड्याच पिढ्यांत ते मूळ स्वरूपावर, म्हणजे वेगळ्या नर-मादी झाडांवर, जातात. म्हणूनच युरोपीय संघात अशा वाणाच्या पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढचे बियाणे वाढवतात) ५ किलोमीटर विलगीकरण अंतर, म्हणजे इतर भांगेपासूनचे अंतर, लागते. नर-मादी वेगळ्या असलेल्या वाणाला ४०० मीटर पुरतात.

टीएचसी (भांगेतील नशा आणणारे द्रव्य) आणि सीबीडी (नशा न आणणारे द्रव्य) यांचे परस्पर प्रमाण मुख्यतः एकाच जनुकस्थानावर, म्हणजे गुणसूत्रावरील एका जागी, ठरते, त्यामुळे ते तुलनेने लवकर स्थिर करता येते. पण उत्तराखंडात, जिथे परवानाधारक लागवडीला टीएचसीची ०.३ टक्के मर्यादा आहे, बांधावर रानटी भांग उगवते आणि तिचा पराग बियाण्याच्या प्लॉटमध्ये आला की पुढच्या पिढीचा भरवसा उरत नाही.

१९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार विनापरवाना लागवड गुन्हा आहे, तेव्हा प्रयोग करायचाच असेल तर बाजरीवर करा. तीही परपरागित असल्याने विलगीकरण आणि भेसळ (वाणाबाहेरची झाडे) काढणे ही दोन्ही कामे तिच्यावर शिकता येतील.