एकटा पडणे आणि एकटा पाडणे

प्रश्न असा आलाय की एकटेपणा, एकाकीपणा आणि एकांत हे तिन्ही समानार्थी धरायचे का, आणि जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' वर मराठीत लिहिताना त्यातल्या तीन मुख्य सूत्रांना एकटेपणा, सत्ता आणि कष्ट म्हटलं तर चालेल का. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९३७ ची छोटीशी कादंबरी, मंदीच्या काळातलं कॅलिफोर्निया, जॉर्ज आणि लेनी हे दोन मजूर पाठीला वळकटी बांधून एका रँचवरून (म्हणजे मोठ्या शेतमळ्यावरून) दुसऱ्या रँचवर काम शोधत फिरतायत, लेनी अंगाने धिप्पाड पण अक्कल लहान पोराची, आणि दोघांचं स्वप्न काय तर थोडी जमीन घ्यायची, ससे पाळायचे.

माझं मत सांगतो, एकांत बाद. एकांत माणूस मागून घेतो. तुकोबांना 'एकांताचा वास' रुचतो कारण तिथे वृक्षवल्ली सोयरी आहेत, आपणही घरात पाहुण्यांची वर्दळ वाढली की जरा एकांत मिळेल का म्हणतो, एकाकीपणा मिळेल का असं कोणी म्हणत नाही. शिवाय नवीन लग्न झालेल्या जोडप्यालाही एकांत लागतोच की, म्हणजे एकांतात दोघं असली तरी शब्दाचं काही बिघडत नाही. एकाकी हा मात्र सरळ संस्कृतातून आलेला आणि त्याचं दुखणंही जुनं, बृहदारण्यक उपनिषदात 'एकाकी न रमते' असं म्हटलंय. एकटा हा आपला रोजचा साधा शब्द, 'एकटाच आलास?' यात दुःख कुठे आहे? त्याला 'पणा' लागला की मग थोडी कडवट चव येते. आणि एकलकोंडा तर इथे अजिबात नको, त्यात दोष माणसाच्या स्वभावावर जातो.

गंमत म्हणजे कादंबरी ज्या सोलेदाद गावाजवळ घडते त्या नावातच हे सगळं आहे. स्टाइनबेकने ते नाव बनवलेलं नाही, गाव खरंच आहे, १७९१ साली तिथे स्पॅनिश पाद्र्यांनी मेरीच्या नावाने मिशन उभारलं त्यावरून पडलेलं, आणि तो स्वतः जवळच्याच सॅलिनासचा. स्पॅनिशमध्ये सोलेदाद म्हणजे एकांतही आणि एकाकीपणाही, आपण मात्र दोन शब्द करून बसलोय.

पण नामावर इतकी चर्चा करून फार काही हाती लागत नाही असं मला वाटतं, खरी धार क्रियापदात आहे. मराठीत माणूस एकटा असतो, एकटा राहतो, एकटा पडतो, आणि एकटा पाडला जातो. शेवटच्या दोनात फरक नुसत्या एका काना-मात्रेचा दिसतो पण पडण्यात नशीब आहे आणि पाडण्यात कोणाचातरी हात आहे. आता हे घेऊन रँचवर जा. म्हातारा कँडी, एक हात कामावर गेलेला, त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला कार्लसन नावाचा दुसरा मजूर बाहेर नेऊन गोळी घालतो, तो एकटा पडतो. कर्लीची, म्हणजे मालकाच्या मुलाची बायको, नवऱ्याशी पटत नाही आणि बाकीचे तिच्याशी बोलायलाच घाबरतात, तीही बरीचशी एकटी पडलेली. पण क्रुक्स, तबेल्यावरचा काळा मजूर, पाठीत घोड्याने लाथ मारल्यामुळे वाकलेला, त्याला गोऱ्यांच्या खोलीत पत्ते खेळायला येऊ देत नाहीत, म्हणून तो खोगीर-लगामांच्या खोलीत फाटक्या डिक्शनरीसोबत आणि १९०५ च्या कॅलिफोर्निया दिवाणी संहितेच्या प्रतीसोबत राहतो, तो एकटा पडलेला नाही, त्याला एकटं पाडलंय. (तो कायद्याचा ग्रंथ जवळ बाळगतो हे मला फार आवडतं, हक्क पुस्तकात आहेत आणि पत्त्यांच्या टेबलावर नाहीत.)

इथे कोणीतरी म्हणेल मग वाळीत टाकलाय म्हणा. नाही जमत. वाळीत आपलीच जात, आपलंच गाव टाकतं, म्हणजे माणूस आधी आत असावा लागतो. क्रुक्स कधी आत नव्हताच. लहानपणी वडिलांच्या कोंबड्यांच्या फार्मवर गोरी पोरं खेळायला यायची एवढंच काय ते.

आता उलटा शब्द शोधून बघा, मला ही कसोटी फार उपयोगी वाटते. एकांताच्या विरुद्ध वर्दळ, गर्दी. एकटेपणाच्या विरुद्ध काय? प्रेम नाही, मैत्री नाही, संवाद तर नाहीच नाही. सोबत! घरात म्हातारं माणूस असलं की रात्री सोबतीला कोणीतरी झोपायला येतं, ते काही गप्पा मारायला येत नाही, नुसतं असतं. क्रुक्स लेनीला नेमकं हेच सांगतो, की समोरचा ऐकतोय का, त्याला समजतंय का याने फरक पडत नाही, कोणीतरी जवळ असलं म्हणजे झालं. आणि म्हणूनच जॉर्ज-लेनी सोबत हिंडतात हे रँचच्या मालकाला संशयास्पद वाटतं, त्याच्या डोक्यात पहिला विचार हा की हा दुसऱ्याचा पगार खात असणार.

सत्ता या शब्दाला माझी हरकत आहे. सत्ता म्हटलं की निवडणूक आणि मंत्रालय आठवतं. रँचवर जे चालतं त्याला मराठीत सुटे सुटे शब्द आहेत आणि तेच वापरावेत. मालकाचा मुलगा कर्ली करतो ती मुजोरी, तीही बापाच्या जिवावर. त्याचे उंच टाचांचे बूट बघा, आपण मजूर नाही हे सांगायला घातलेले. खेचरं हाकणाऱ्या स्लिमकडे मालकी काही नाही तरी तो बोलला की बाकीचे गप्प, ते वजन. लेनीकडे नुसती ताकद. आणि कर्लीची बायको क्रुक्सला घालते तो धाक, म्हणजे अक्षरशः जिवाचा, की मी एक शब्द बोलले तर तुला झाडाला लटकवतील, आणि त्या काळात गोऱ्या बाईच्या शब्दावर तसं होऊ शकत होतं म्हणून क्रुक्स जागच्या जागी आक्रसतो आणि 'येस मॅम' म्हणतो. पण थोड्या वेळापूर्वीच याच क्रुक्सने लेनीला 'जॉर्ज परत आलाच नाही तर?' म्हणून छळलेलं असतं. बळी तो कान पिळी ही म्हण आपण दोघांपुरती वापरतो, इथे मालकापासून लेनीपर्यंत रांगच लागलीय.

कष्टाचं मात्र जपून. मराठीत कष्ट म्हणजे मेहनतही आणि त्रासही, शिवाय शब्दाला मान आहे, कष्टाची भाकर म्हणताना आपला आवाज जरा वर जातो. कादंबरीत त्रास मेहनतीचा नाहीच, धान्याची पोती उचलणं लेनीला खेळ. त्रास हा की महिन्याचे ५० डॉलर आणि जेवणखाण मिळवून ते शनिवारी शहरात उडतात आणि गडी पुन्हा पुढच्या रँचवर. जमीन ६०० डॉलरची, कँडीकडे ३०० आणि महिनाअखेरचे ५०, त्यातले २५० तर हात गेल्याची भरपाई! ती रक्कम मधे येते म्हणून स्वप्न पहिल्यांदा हिशेबात बसतं, म्हणजे म्हाताऱ्याने हात गमावला नसता तर बोलणंच खुंटलं असतं. याला हलाखी म्हणा, हाल म्हणा, 'कष्ट' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल जरा जास्त राबले असते तर जमलं असतं.

अजून एक, लेखात कर्लीच्या बायकोला मिसेस कर्ली वगैरे करू नका. पुस्तकात तिला नावच दिलेलं नाही, सगळीकडे कर्लीची बायको, आणि आपल्याकडे 'अमक्याची बायको' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या बाया इतक्या आहेत की मराठीत ते काहीही न करता बरोबर बसतं.