लांब नाकाचा मुखवटा हॉलमध्ये लावावा का?

प्रश्न : मुलगा बासेलला असतो, तिथल्या म्युझियममध्ये पापुआ न्यू गिनीचे लाकडी मुखवटे बघितले. नाक हे एवढं लांब, टोकाला कसलंतरी जनावर. आता ऑनलाइन तसाच एक दिसतोय, 'इयात्मुल पूर्वजांचा मुखवटा, अस्सल जुना' असं लिहिलंय. मुलगा म्हणतो घ्या, ही म्हणते दुसऱ्यांचे पितर आपल्या हॉलमध्ये कशाला? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : काका, आधी काकूंचं. हा कुणा मेलेल्या माणसाचा चेहरा नाहीये. इयात्मुल लोक सेपिक नदीच्या मधल्या पट्ट्यात राहतात, आणि या मुखवट्याला म्हणतात म्वाई. तो कुळाच्या मूळपुरुषांचा, म्हणजे पुराणकथेतल्या भावा-बहिणींचा, आणि नाचतात ते जोडीने, दोन भाऊ नाहीतर दोन बहिणी. नाकाच्या टोकाला मगर, पक्षी, साप असं काही असतं, ते कुळाशी जोडलेलं, आपल्याकडे देवक असतं ना साधारण तसं.

म्युझियममध्ये तुम्ही बघितलात तो नुसता चेहरा हो! लाकूड कोरून झालं की त्यावर मातीचा लेप देतात आणि तो ओला असतानाच बारीक शिंपले एकेक करून दाबून बसवतात, डोळ्यांना कवड्या. मग वेताचा उंच शंकूसारखा सांगाडा, त्यावर हा चेहरा बांधायचा, वर पिसं, फुलं, खाली पानांचा घोळ, आत माणूस, आणि तो बोलणार बांबूच्या नळीतून, म्हणजे आवाज माणसाचा वाटतच नाही.

पण त्या कुळांची खरी इस्टेट म्हणजे पूर्वजांची नावं. ग्रेगरी बेटसन हा मानववंशशास्त्रज्ञ 1929 पासून तिकडे जाऊन राहिला होता, त्याने 1936 च्या 'नेवन' पुस्तकात लिहिलंय की तिथल्या जाणत्या माणसाच्या डोक्यात दहा ते वीस हजार नावं असतात. नाव कुठल्या कुळाचं यावर पुरुषांच्या सभाघरात वाद रंगतो, बोलणारा हातातल्या पानांच्या जुड्या एका कोरीव स्टुलावर आपटत मुद्दे मांडतो, आणि त्या स्टुलावर बसायचं मात्र कुणी नाही. तर काकूंना सांगा, पूर्वज आहे तो त्या नावात, आणि नाव काही कुरिअरने येत नाही.

आता 'अस्सल जुना'. इथे मला शंका आहे. सेपिककाठचे कारागीर कितीतरी वर्षं टुरिस्टांसाठी मुखवटे करतायत, त्यात वाईट काहीच नाही, तेच हात, तीच कला, मी तर म्हणेन नवाच घ्या. पण नव्याला धूर देऊन जुना म्हणून विकणारेही आहेत. आणि खरंच जुना निघाला तर वेगळी भानगड, कारण सांस्कृतिक ठेवा देशाबाहेर न्यायला तिथे 1965 पासून कायदा आहे, परवानगी लागते. विक्रेत्याला गाव विचारा, कोणी केला ते विचारा, मागच्या बाजूचा फोटो मागवा, सांगाड्याला बांधायची भोकं कडेला आहेत का बघा. उत्तर गोलगोल आलं की सोडून द्या.

घेतलातच तर ओल येणाऱ्या भिंतीवर नको, लेप सुटला की शिंपले गळतात. आणि ओल्या फडक्याने पुसायचं नाही हे कामवाल्या ताईंना आधीच सांगून ठेवा.