‘नियमात मुलगी लागते म्हणून घेतलं मला’

“मॅडम, सहा जणांत एक तरी मुलगी लागतेच, म्हणून त्यांनी माझं नाव घातलं. मला कोडिंग धड येत नाही. नाव मागे घेऊ का?”

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली ही मुलगी नाशिकच्या कॉलेज रोडवर मला भेटायला आली, तेव्हा कॉलेजमध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या अंतर्गत फेरीची तयारी चालू होती. (तिच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दिलेल्या प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी तंत्रज्ञानातून उपाय शोधायच्या, २०१७ पासून होणाऱ्या या देशपातळीवरच्या स्पर्धेत संघ सहा जणांचा असतो आणि त्यात किमान एक मुलगी असणं बंधनकारक आहे. त्यामुळे हीच सल घेऊन येणाऱ्या मुली मला वरचेवर भेटतात.

बाकीचे पाच जण पहिल्या वर्षापासूनचे मित्र. विषय त्यांनीच ठरवला, कामं वाटून घेतली आणि हिला सांगितलं, “तू पीपीटी कर.” बैठकीत ती गप्प बसायची. रात्री त्यांचा कोड उघडून वाचायची, कळायचा नाही, मग झोप लागायची नाही. नाव काढलं तर संघच बाद होईल, हे दडपण वेगळंच.

तिच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. मला का घेतलं, हा एक. मी तिथे काय करणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या मुलांच्या मनात होतं, आणि ते कदाचित तिला वाटत होतं तसंच असेल. मी ते नाकारलं नाही. खोटा दिलासा अशा मुलींना लगेच ओळखू येतो. पण दुसरा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नव्हता, तिनेही नाही.

म्हणून मी संघाचा विषय विचारला. कांदा चाळीतली सड वेळेत ओळखणारं उपकरण. “चाळ पाहिली आहेस का कधी?” एवढं विचारलं आणि तोवर खाली मान घालून बोलणारी ती मुलगी ताठ बसली. तिचं घर लासलगावच्या बाजूचं. उन्हाळ कांदा निघाला की चाळ भरायची, भाव येईपर्यंत राखायची, हे ती लहानपणापासून बघत आली आहे. पावसाळी दमट हवेत काय होतं, काजळी कशी धरते, एक कांदा सडला की त्याचं पाणी खालच्या कांद्यांवर कसं उतरतं, हे ती न थांबता सांगत होती. मुलांनी सेन्सर वर वाशाला टांगायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, “सड ढिगाच्या पोटात सुरू होते, मॅडम. वास वर येईपर्यंत पप्पांना अख्खा कप्पा उपसावा लागतो.”

“हे बैठकीत सांगितलंस?”

“नाही. ते टेक्निकल नाही ना.”

हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. घरून आणलेलं ज्ञान आपली मुलं कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत जातात. मी तिला आपल्याच शहरातलं उदाहरण दिलं. मूळचे नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारा उपक्रम, झालं. त्यातूनच पावलं मोजणारी ‘अशिओतो’ ही चटई तयार झाली आणि २०१५ च्या सिंहस्थात गर्दीचा अंदाज घ्यायला वापरून पाहिली गेली. ती चटई बनवणाऱ्या छोट्या गटात शाळकरी वयाचा मुलगाही होता. २००३ च्या कुंभातली चेंगराचेंगरी या गावाने सोसली होती, म्हणून तो प्रश्न इथल्या मुलांना परका नव्हता. परीक्षकही नुसता कोड बघत नाहीत. हे कोण वापरणार, किती खर्च येणार, तिथे वीज असते का, असं विचारतात. यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं हिच्याकडे होती.

मग आम्ही बोलण्याचा सराव केला. तक्रारीचा सूर नको आणि विनवणीही नको. “पीपीटी मी करते. पण शेतकऱ्याची बाजू आणि सेन्सर कुठे बसवायचा, हे मी बघणार. रविवारी सगळे आमच्या चाळीवर चला.” पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज कापत होता. तिसऱ्यांदा कापला नाही.

टीम लीडर म्हणाला, “अगं, तुला लोड नको म्हणून पीपीटी दिलं होतं.” मला तो खोटं बोलतोय असं वाटत नाही. हलकं काम देणं म्हणजे काळजी घेणं, असं बऱ्याच मुलांना खरंच वाटतं, आणि त्याने किती दुखतं हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. ते सगळे चाळीवर गेले. पप्पांनी कप्पा उपसून दाखवला. त्यानंतर वाशाची कल्पना गेली आणि भोकं पाडलेल्या पाइपमध्ये सेन्सर घालून तो ढिगात खोवायचं ठरलं.

आईची काळजी वेगळी होती: सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग छत्तीस तास, तीही परगावी. मी आईला सोबत येणाऱ्या शिक्षकांशी बोलायला आणि मुलींच्या राहण्याची सोय विचारून घ्यायला सांगितलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं.

कॉलेजच्या फेरीत संघ निवडला गेला, देशपातळीवर नाही. ती रडली, मीही तिला रडू दिलं. कोडिंग अजून कच्चंच आहे. त्याच संघातला एक जण तिला पायथॉन शिकवतो. या वर्षी त्याच मुलांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने आधी कामांची यादी मागितली आणि ती बघून मगच नाव दिलं.