लॉगऑफच्या स्क्रिप्टमध्ये अडकलेला मुलगा

पत्र: माझा मुलगा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या लॅबमध्ये अर्धवेळ कामही करतो. लॅब बंद होताना सगळ्या मशीनवरचे युजर आपोआप लॉगऑफ व्हावेत म्हणून त्याने स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांचा छोटा प्रोग्राम, लिहिली. ती कधी चालते, कधी नाही. कित्येक दिवस तो त्यातच आहे. ‘एवढंसं जमत नाही तर हे क्षेत्र तुझं नव्हे,’ असं मी त्याला म्हणालो. हल्ली तो घरात फारसा बोलत नाही. त्याचा चुलतभाऊ ॲप बनवतो. याला एआयच्या कोर्सला घालावं का? – एक वडील

नमस्कार.

कोर्सचं नंतर बघू. मला काळजी वाटली ती तुमच्या दोन वाक्यांची. ‘हे क्षेत्र तुझं नव्हे’ असं तुम्ही म्हणालात आणि पुढच्याच वाक्यात तो बोलेनासा झाल्याचं लिहिलंत. या दोन्हींचा संबंध तुम्हालाही जाणवला असेल, म्हणूनच तुम्ही ती शेजारी-शेजारी लिहिलीत. एका स्क्रिप्टवरून मुलाच्या सगळ्या भवितव्याचा निकाल देऊ नका. शिवाय चुलतभावाचं नाव घरात पुन्हा काढू नका. त्याने तुमच्या मुलाचा एकही प्रश्न सुटणार नाही.

आता ‘एवढंसं’ काय आहे ते सांगतो. विंडोजमधली लॉगऑफ आज्ञा युजरच्या नावावर चालत नाही, तिला सेशनचं, म्हणजे त्या युजरच्या चालू लॉगिनचं, नाव किंवा क्रमांक लागतो. तो मिळवायला आधी कोण-कोण लॉगिन आहे त्याची यादी काढायची. कुणी लॉगऑफ न करता नुसतं ‘स्विच युजर’ करून उठून गेलं असेल, तर त्याच्या ओळीत सेशनच्या नावाचा रकाना रिकामा येतो. स्क्रिप्ट शब्द मोजत वाचत असेल तर क्रमांकाच्या जागी भलतंच काही उचलते. ‘कधी चालते, कधी नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असेल. दुसरी शक्यता म्हणजे तो ‘शटडाउन’मधला लॉगऑफचा पर्याय वापरत असेल. तो पर्याय ज्या सेशनमध्ये चालवला त्याच्यापुरताच असतो. टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, तो विंडोजच्या स्वतःच्या सिस्टीम खात्यावर लावला की काम सेशन 0 मध्ये होतं, आणि विंडोज विस्टापासून तिथे माणसं नसतात, फक्त सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, असतात. त्यामुळे समोर बसलेला युजर तसाच राहतो, आणि स्क्रिप्ट आपलं काम झालं असं समजून संपते.

चांगल्या प्रोग्रामरचा कोड पहिल्या फटक्यात चालतो, हा तुमचा समज मात्र मुळातून काढायला हवा. न चालणारा कोड का चालत नाही ते शोधणं हाच या व्यवसायाचा मोठा भाग आहे, ॲप बनवणाऱ्यांचाही. एका मशीनवर चालणारी गोष्ट दुसऱ्यावर का अडते, हे चिकाटीने शोधणारा माणूस सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशनला, क्लाउडला, सुरक्षेच्या कामाला हवाच असतो. तुम्हाला जो वाया गेलेला वेळ वाटतो, त्यात तो हेच शिकतोय.

मुलालाही एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. डब्ल्यूएमआयमधून, म्हणजे विंडोजची मशीन सांभाळण्याच्या सोयीतून, लॉगऑफ करताना 0 हा आकडा दिला तर साधा लॉगऑफ होतो आणि न साठवलेली फाइल उघडी असेल तर तो अडू शकतो. 4 दिला की सक्तीने होतो. वैतागून 4 टाकलास आणि कुणाचा अर्धा लिहिलेला प्रकल्प गेला, तर दोष स्क्रिप्टचा नसेल, तुझा असेल. आधी स्क्रीनवर सूचना दे, थोडा वेळ जाऊ दे, एकाच मशीनवर करून बघ. काय घडलं त्याची नोंद प्रत्येक वेळी फाइलमध्ये लिहून ठेव.

कोर्सबद्दल: नेटवर्किंग, लिनक्स, विंडोज सर्व्हर यांची प्रमाणपत्रं पदवीसोबतही करता येतात. एआय त्याला आवडलं तर जरूर शिकू द्या, पण या स्क्रिप्टची शिक्षा म्हणून नको.

आज त्याला विचारा, ‘अडतंय कुठे, मला दाखव.’ सगळं समजलं नाही तरी चालेल, मध्ये न बोलता ऐका. युजरची ती यादी जशी छापली जाते तशी त्याने फाइलमध्ये साठवावी आणि रिकामा रकाना दिसतो का ते बघावं. पुढचं पत्र त्याने स्वतः लिहिलं तर मला आवडेल.