चिखल, फड आणि खडी: कामाचा बूट घेताना

मागच्या महिन्यात इथं लिहिलं होतं की बाहेरची कष्टाची कामं करणाऱ्यानं बुटावर थोडे जास्त पैसे घालावेत, तर खानापूरपासून अथणीपर्यंतच्या वाचकांनी प्रश्नच प्रश्न पाठवले. सगळे घ्यायला जागा नाही, तीन घेतलेत.

प्रश्न (खानापूर तालुका): मी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रस्त्याच्या कामावर आहे. दरवर्षी मे महिन्यात सेफ्टी शूज घेतो आणि गणपतीपर्यंत त्याचा तळ सुटतो. करंगळीला घट्टा पडलाय. एक नंबर मोठा घेऊन बघितला तर टाच वर-खाली होऊन फोड आले. दुकानदार म्हणतोय अजून महागाचा घ्या. काय करू सांगा की.

उत्तर: दादा, महागाचा घेऊन हे जाईलच असं नाही, कारण तुमची दुखणी दोन आहेत आणि दोन्हीचं कारण वेगळं आहे.

आधी करंगळीचं बघू. आपली माणसं लहानपणापासून अनवाणी नाहीतर चपलेत वाढलेली, त्यामुळं बोटं मोकळी पसरलेली आणि पंजा रुंद असतो, टाच मात्र तेवढी रुंद नसते. निपाणी-अथणीकडची हातानं केलेली चप्पल पायाला बसते ती हळूहळू चामडं पायाचा आकार घेतं म्हणून. सेफ्टी शूजमध्ये पुढं लोखंडाची टोपी असते, आणि चामडं सैल होतं पण लोखंड काही केल्या सैल होत नाही, म्हणून "वापरून वापरून बसेल" असं दुकानात कुणी म्हटलं तर टोपीच्या बाबतीत ते अजिबात ऐकू नका. पहिल्या दिवशी करंगळीला लागलं तर ते वर्षभर लागणार. नंबर वाढवून बूट मुख्यतः लांबीला वाढतो, रुंदीला थोडाच, म्हणून तुमची टाच आत खेळायला लागली. तुम्हाला मोठा नंबर नको, रुंद पंजाचा बूट पाहिजे, आणि 'वाइड फिट' असं स्पष्ट विचारलं तर काही कंपन्यांचे मिळतात.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा. कामावर घालता तेच मोजे घेऊन जा. बुटातला आतला सुटा सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभे राहा, पाय जर दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर तो बूट तिथंच परत द्या, घालून बघायचीही गरज नाही. बसला तर मग घालून उकिडवे बसा, आपण कामावर बसतो तसं. सेल्समन कधी बसायला सांगत नाही, पण उकिडवं बसल्यावर टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर दाबते का ते लगेच कळतं. पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे आणि टाच घट्ट. लेस वरच्या भोकांपर्यंत ओढून बांधा, अर्ध्यावर सोडली की टाच उचलणारच.

आता तळाचं. हे माझ्यावरच येऊन गेलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी साइटवर सुपरवायझर होतो तेव्हा एका दुकानातून स्वस्तात मिळाला म्हणून नवाकोरा जोड घेतला आणि चोर्ला घाटात तिसऱ्याच दिवशी अख्खा तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघून आला, उरलेला दिवस मी सुतळीनं बूट बांधून काढला. मला वाटलं डुप्लिकेट असणार, पण खरं कारण नंतर कळलं. आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच सेफ्टी शूजचा तळ पीयूचा असतो, म्हणजे पॉलियुरेथेनचा. हलका असतो, पायाला आराम देतो, पण दमट हवेतल्या पाण्यानं तो आतून हळूहळू विरघळत जातो, आणि नुसता बॉक्समध्ये पडून राहिला तरी हे चालूच असतं. माझा जोड दुकानात कित्येक वर्षं पडून असणार. म्हणून बुटावर नाहीतर जिभेच्या आत बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सेलमध्ये लावलेला जुना माल पीयूचा असेल तर कितीही स्वस्त असो, नको.

मलप्रभा उगवते त्या कणकुंबीच्या पट्ट्यातला पाऊस तुम्हाला मी काय सांगणार! तिथं रबरी तळाचा, शक्यतो नायट्राइल रबराचा बूट घ्या. वजनाला जड पडतो, पहिला आठवडा पाय भरून येतात, पण पावसात तो असा विरघळत नाही आणि डांबराच्या कामालाही चालतो कारण उष्णता सोसतो. तळ नुसता चिकटवलेला आहे की कडेनं शिवलाय तेही बघा, शिवलेला असेल तर पुढं बदलून घेता येतो.

आणखी एक, आणि हे दुकानदाराच्या हातात नाही. एकच जोड रोज भिजवून रोज घातला तर कुठलाही बूट टिकत नाही. जमत असेल तर साध्या किमतीचे दोन जोड घ्या आणि एकाआड एक घाला, एका महागड्या जोडापेक्षा हे दोन जास्त दिवस जातील. संध्याकाळी माती धुऊन आत जुना पेपर कोंबा आणि वाऱ्याला सावलीत ठेवा. चुलीजवळ ठेवू नका. तिथं एका रात्रीत वाळतो खरा, पण चामडं कडक होऊन चिरतं.

आयएसआय मार्क बघायचा तो आयएस १५२९८ चा, म्हणजे सेफ्टी शूजसाठी ठरवलेल्या सरकारी मानकाचा. त्यातला भाग २ म्हणजे २०० जूलचा मार सोसणारी टोपी, म्हणजे साधारण २० किलोचं वजन १ मीटरवरून पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. भाग ४ च्या बुटाला अशी टोपीच नसते, मार्क मात्र असतो, म्हणून खडी-दगडावर काम असेल तर भागाचा आकडा वाचाच.

प्रश्न (चिकोडी तालुका): आमच्या रानात ऊस आहे. भांगलण, लागण मी करते आणि रात्री लाइट आली की पाणी पाजायला मालक नाहीतर मी जाते. सापाची भीती वाटते. बायकांच्या मापाचा बूट मिळतो का? गमबूट घालून चिखलात चालताच येत नाही असं सगळ्या म्हणतात.

उत्तर: ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे, घोणस उसाच्या पाल्यात असते आणि साप चावतो तो बहुतेक वेळा पावलाला नाहीतर घोट्याच्या आसपास. तेव्हा रात्री पाणी पाजायला गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा गमबूटच, घोट्याएवढा नको. लागणीच्या साचलेल्या पाण्यात अनवाणी पायाच्या चिरेतून लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून येणारा ताप, होतो, त्यालाही हाच उपयोगी.

चालता येत नाही ते बहुतेक जणी नवऱ्याचा बूट घालून जातात म्हणून. पाच नंबरच्या पायात आठचा गमबूट घातला की काळ्या रानात पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. तुमच्या मापाचा आणायला सांगा, तीन, चार, पाच नंबरचे गमबूट बनतात, दुकानदार ठेवत नाही कारण कुणी मागत नाही. चार जणी मिळून मागा म्हणजे तो आणेल. तळाच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब असलेल्या बघा, बारीक खाचांत काळी माती गच्च बसते आणि मग तळ गुळगुळीत होऊन पाय घसरतो. आत लांब मोजे घाला, नाहीतर पोटरीला कड घासते.

तोडणी झालेल्या फडात मात्र साध्या गमबुटावर भरवसा ठेवू नका, उसाचं बुडखं तिरकं तुटलेलं असेल तर तळातून आरपार येतं. तळात स्टीलची पट्टी असलेला गमबूट मिळतो, त्यावर एस५ लिहिलेलं असतं. आणि कुठलाही बूट घालायच्या आधी उलटा करून आपटायचा, विंचू आत बसलेला असतो. एवढं करूनही साप चावलाच तर कापणं, आवळून बांधणं काही करू नका, पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

प्रश्न (बेळगाव): मी गवंडी आहे, स्लॅबच्या दिवशी जुने चामडी शूज घालतो, चालेल ना? आणि बूट ठेकेदारानं द्यायला नकोत का?

उत्तर: स्लॅबला चामडी शूज नकोत. ओलं सिमेंट क्षारासारखं चामडं खातं, आणि आत झिरपलं तर कातडीही भाजते, लगेच दुखत नाही म्हणून कळत नाही, संध्याकाळी मोजा काढल्यावर लाल चट्टे दिसतात. त्या दिवशी गमबूट घाला, पँट बुटाच्या बाहेरून सोडा म्हणजे रेंदा आत पडणार नाही, आणि आत गेलाच तर तिथल्या तिथं बूट काढून भरपूर साध्या पाण्यानं पाय धुवा, जेवणाच्या सुट्टीची वाट बघू नका. ठेकेदाराचं म्हणाल तर होय, सुरक्षेची साधनं देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे आणि त्याचे पैसे मजुरीतून कापायचे नसतात. मागताना स्वतःचा नंबर सांगून मागा, नाहीतर सगळ्यांना आठ नंबरचे आणून देतात.