साजाचे फोटो काढायचेत? आधी केबल बघ
गुजरीतल्या सराफी दुकानात कोल्हापुरी साजाचे फोटो काढायचेत ना भावा, मग कॅमेरा लॅपटॉपला जोडायला वायफायच्या नादाला लागू नकोस. 25-30 एमबीची एकेक रॉ फाइल (कॅमेऱ्यातला कच्चा फोटो) येईपर्यंत चहा गार होतो. केबलच घे. चार्जरसोबतची मात्र नको. कित्येकींत डेटाच्या ताराच नसतात, मग लॅपटॉपला कॅमेरा दिसत नाही. यूएसबी 2 ची साधी केबल 5 मीटरपर्यंत चालते, यूएसबी 3 ची 3 मीटरच्या आतच ठेव. केबलचा एक वेढा ट्रायपॉडच्या पायाला घालून बांध, नाहीतर कुणाचा पाय अडकला की सॉकेटच उखडेल. कॅमेरा आपोआप बंद होतो ते ऑटो पॉवर ऑफ बंद कर. कॅननला ईओएस युटिलिटी, निकॉनला एनएक्स टेदर, लॅपटॉपवरची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. लॅपटॉपवर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्यातलं थेट चित्र, मोठं करून साजाच्या मधल्या पानडीवर (पदकावर) हातानं फोकस लाव, त्यासाठीच तर हा खटाटोप. फाइल कार्डावरही सेव्ह होऊ दे.