गाडी ओढते, पण गिअरबॉक्स तापतो

प्रश्न : काका, नागपूरला सक्करदऱ्यात माझं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. जनरेटरचा ट्रेलर ओढायला डिझेल ऑटोमॅटिक पिकअप घेतली. वजन दीडेक टन असेल. सावनेरपर्यंत काही त्रास नाही. पण मे महिन्यात छिंदवाड्याची ऑर्डर होती. सिल्लेवानीच्या घाटात गाडी सारखी गिअर वरखाली करायला लागली, मग गिअरबॉक्सचा दिवा लागला आणि जळका वास सुटला. मित्र म्हणतात, ऑटोमॅटिक नाजूक असते, विकून मॅन्युअल घे. घेऊ का?

उत्तर : काहून विकता, बाप्पा? टोयोटाच्या हायलक्स पिकअपचंच बघा. तेच इंजिन, पण कंपनीने ऑटोमॅटिकला 500 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, दिला आणि मॅन्युअलला 420. नाजूक असती तर उलटं केलं असतं.

तुमच्या गाडीत झालं काय, ते सांगतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो. दोघांच्या वेगात फरक राहिला की तेल घुसळून तापतं. वेग जमला की आतला क्लच दोघांना जखडतो आणि तापणं थांबतं. नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर, छिंदवाडा 675 च्या आसपास. यातली बरीचशी चढण त्या घाटातच आहे. लिव्हर डी मध्ये, म्हणजे गिअर बदलणं गाडीवर सोडून, ठेवलं की गाडी पाचवा टाकते, दम लागतो, चौथ्यावर येते, पुन्हा पाचवा. दरवेळी तो क्लच सुटतो आणि तेल घुसळतं. वर मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन. तेल 120 अंशांच्या पुढे गेलं की जळायला लागतं. वास त्याचाच.

म्हणून घाट सुरू व्हायच्या आधीच लिव्हर मॅन्युअलवर घ्या आणि तिसऱ्यातच राहू द्या. इंजिन जास्त ओरडेल, ओरडू द्या. अडीच हजार आरपीएमला गिअरबॉक्स थंडच राहतो. उतरतानाही तोच गिअर, नुसत्या ब्रेकवर नाही. दिवा लागलाच तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा, पण इंजिन बंद करू नका. ते फिरतंय तोवरच तेल कूलरमधून फिरतं. वेगळा ऑइल कूलर बसवून घेतलात तर उत्तमच.

आता तो ‘दीडेक टन असेल’. वाडीला तीस वर्षं गॅरेज चालवलं, पण आपल्या ट्रेलरचं खरं वजन ठाऊक असलेला गिऱ्हाईक एका हाताच्या बोटांवर मोजावा. 200 लिटरचं टिपाड भरलं की डिझेलच सुमारे 165 किलो. वर तांब्याच्या केबलची भेंडोळी. (पोरं ट्रेलरवर बसवत असाल तर पत्र इथेच थांबवतो.) एकदा धरमकाट्यावर चढवा आणि आकडा गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात. तुमचा ट्रेलर बिनब्रेकचा असेल तर आधी ब्रेक बसवा, कूलरचं नंतर. ट्रेलरची स्वतःची नोंदणी आहे का, तेही पाहून घ्या.

वजन मागे टाकू नका. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकवर यायला हवा. मी हे बुटीबोरीच्या रस्त्यावर शिकलो. कॉम्प्रेसर मागच्या टोकाला बांधला होता. साठच्या वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला, मी घाबरून कचकन ब्रेक मारला आणि जीपसकट शेतात गेलो. शेत तुरीचं होतं, नुकसान भरून दिलं. तेव्हा पाय नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून स्टिअरिंग सरळ धरलं असतं तर निभावलं असतं.

आणि तेल बदला. ‘आयुष्यभर चालतं’ असं कोणी सांगितलं असेल, तर त्याने ट्रेलर ओढलेला नाही. नव्या गाड्यांना बहुधा डिपस्टिक नसते, म्हणून मेकॅनिककडून थोडं तेल काढून पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकायला सांगा. लालसर डाग आला तर वाचलात. काळपट असेल, जळका वास येत असेल आणि बोटाला कचकच लागली, तर आतल्या क्लच प्लेटा झिजल्यात. डाग कसा आला ते कळवा, पुढचं त्यावर सांगतो.